चालत्या तळाचा पत्ता : उदगीर ते पानिपत, एका निरोपाचा प्रवास

आजचा धागा लांब आहे. सवडीने वाचावा.

देवणी हे नाव उच्चारले की बहुतेकांना आठवतो तो तिथला बैल. लोंबत्या कानांचा, भरदार कपाळाचा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. जाणकार त्यात शेवरा, वानेरा आणि बालंक्या असे भेद करतात. हा धागा मात्र बैलाविषयी नाही. उलट एक गैरसमज आधीच दूर करतो : १७६० साली या परिसरातून मराठ्यांच्या तोफा ओढल्या गेल्या त्या 'देवणी' बैलांनी, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. ही जात साधारण दोनशे वर्षांपूर्वीपासून घडत गेली असे मानले जाते. तोफा त्याआधीच येऊन गेल्या होत्या.

देवणी पूर्वी उदगीर तालुक्याचा भाग होती. उदगीरचा किल्ला तासाभराच्याही आतल्या अंतरावर आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाचा जो पराभव केला, तो उदगीरच्या नावाने ओळखला जातो. बालाघाटाच्या या पठारावरून निघालेली माणसे अकरा-साडेअकरा महिन्यांनी पानिपतावर उभी होती. या कथेतील तोफा, तलवारी आणि 'काय चुकले' यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज एकच साधा प्रश्न विचारायचा आहे. ही माणसे वाटेत असताना, त्यांना आणि त्यांच्याकडून घरी, तातडीचा निरोप पोहोचत होता तो कसा? आणि ज्या दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज होती त्या दिवशी तो का पोहोचला नाही?

आज चाकांवरचे घर, म्हणजे कॅराव्हॅन, घेऊन कुणी महिनाभराच्या प्रवासाला निघाले तर निघण्यापूर्वी फोनमध्ये दोन-तीन नावे तातडीच्या संपर्कासाठी नोंदवतात, मुक्कामांची यादी घरी देऊन ठेवतात, कुठल्या घाटात रेंज जाते तेही सांगून ठेवतात. कारण उघड आहे : घर चालते असले की पत्ता चालता होतो. अठराव्या शतकातील मराठी लष्कर हे असेच एक चालते घर होते, फक्त अवाढव्य. त्यात शिलेदार आणि गारदी होते, तसे बाजारबुणगे, व्यापारी, सराफ, कारकून, भिक्षुक, यात्रेकरू आणि कुटुंबकबिलाही होता. पानिपताच्या मोहिमेत भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई बरोबर होत्या. पुढे नाना फडणवीस म्हणून प्रसिद्ध झालेला, तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण, आई आणि पत्नी यांच्यासह तीर्थयात्रेच्या ओढीने याच लष्कराबरोबर निघाला होता. या सगळ्यांचा पत्ता एकच : 'लष्करात'. आणि लष्कर आज इथे, परवा आणखी कुठे.

मग जासुदाने माणूस शोधावा कसा?

याचे उत्तर मला फार आवडते. तळाचे ठिकाण बदलत असे, पण तळाचा नकाशा बदलत नसे. लष्कराच्या पुढे बिनीची तुकडी जाई. पाण्याची सोय, उतार, चारा पाहून ती मुक्कामाची जागा निवडी आणि मुख्य डेऱ्याच्या जागी निशाण रोवी. त्या निशाणाच्या हिशोबाने बाजाराच्या ओळी आणि निरनिराळ्या सरदारांच्या जागा ठरत. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने ही रचना तपशिलाने लिहून ठेवली आहे. त्याचे पत्रसंग्रहाचे पुस्तक १८१३ साली प्रसिद्ध झाले. आधी पांढरे छोटे निशाण लागते, मग प्रत्येक बाजाराची निशाणे ओळीने उभी राहतात, आणि काही तासांत कालचेच शहर आजच्या माळावर उभे झालेले असते. ब्रॉटनचे वर्णन पानिपताच्या अर्ध्या शतकानंतरचे आहे हे ध्यानात ठेवावे. पण 'बिनीवाले' हे आडनावच पेशवाईतल्या या कामाची साक्ष देते. म्हणजे जासुदाला एवढेच कळले की लष्कर कोणत्या गावी आहे, की पुढे त्याला विचारीत हिंडावे लागत नसे. अमक्याचा डेरा मुख्य निशाणाच्या कुठल्या अंगाला, कुठल्या बाजारालगत, हे त्याला ठाऊक असे.

गाव मात्र कळले पाहिजे. सारा खेळ तिथे होता.

निरोप नेणाऱ्यांचे प्रकार अनेक. जासूद आणि हरकारे पायी धावत. सांडणीस्वार उंटावरून जात. काशीद हा पत्रे पोहोचविणारा. अजुरदार म्हणजे अजुरा, म्हणजे मजुरी, ठरवून नेमलेला निरोप्या. काम तातडीचे असेल तर त्याला मुदत बांधून देत आणि मुदतीत पोहोचल्यास बक्षीस मिळे. जासूद बहुधा एकटा जात नसे. कागदपत्रांत 'जासूदजोडी' हा शब्द वारंवार भेटतो. एक आजारी पडला, मारला गेला किंवा पकडला गेला तरी दुसऱ्याने पुढे जावे, हा त्यातला हिशोब. मजकूर फार नाजूक असला तर तो कागदावर येतच नसे. कागदावर क्षेमकुशल, आणि खरा निरोप जासुदाच्या तोंडी. कागद शत्रूच्या हाती लागू शकतो, म्हणून ही खबरदारी. पण त्यामुळे एक गोष्ट होई, जिच्याकडे आपण इतिहास वाचताना दुर्लक्ष करतो : जासूद मेला की निरोपही मरत असे.

आणखी एक तपशील, विशेषतः ज्यांना जुनी कागदपत्रे वाचायची हौस आहे त्यांच्यासाठी. पत्र हाती आले की कारकून त्यावर ते कधी मिळाले याची नोंद करी. तिला 'पैवस्ती' म्हणत. पत्र लिहिल्याची तारीख आणि पैवस्तीची तारीख यांतील अंतर म्हणजे निरोपाचा वेग. ज्याला आपण आज मेसेजवरच्या निळ्या खुणा म्हणतो, तशी ती त्या काळची खूण. फरक इतकाच की ती पाठविणाऱ्याला दिसत नसे. आपले पत्र पोहोचले की नाही हे त्याला उत्तर येईपर्यंत कळत नसे, आणि उत्तर यायला पुन्हा तितकेच दिवस.

आता उदगीरकडे परत येऊ.

उदगीरच्या मोहिमेत भाऊंचा विजय मोठा होता. निजामाच्या नोकरीतून मराठ्यांकडे आलेल्या इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना इथे कामी आला. तहात सुमारे साठ लक्ष उत्पन्नाचा मुलूख, तसेच दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर अशी ठिकाणे मराठ्यांकडे आली. पण ज्या दिवशी भाऊ इथे विजयी होत होते, त्या दिवशी उत्तरेतली एक बातमी वाटेतच होती. १० जानेवारी १७६० रोजी, म्हणजे उदगीरच्या लढाईच्या तीन आठवड्यांहून अधिक आधी, दिल्लीजवळच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे अब्दालीच्या फौजेशी लढताना मारले गेले होते. उदगीरला जल्लोष चालू असताना त्यांना जाऊन चोवीस दिवस झाले होते आणि तिथे कुणाला ते ठाऊक नव्हते. वार्ता दक्षिणेत पेशव्यांपर्यंत आली ती फेब्रुवारीत.

हे वाचताना क्षणभर थांबावेसे वाटते. उदगीरचा तह, पुढची आखणी, कोणाला कोठे पाठवायचे याचे विचार, हे सारे उत्तरेत दत्ताजी जिवंत आहेत असे धरून चालले होते. आपण इतिहासाची पुस्तके तारखांच्या क्रमाने वाचतो, म्हणून आपल्याला वाटते की घटना घडली त्याच दिवशी ती सर्वांना कळली. प्रत्यक्षात अठराव्या शतकातील प्रत्येक माणूस काही दिवस ते काही आठवडे जुन्या जगात जगत होता. किती जुन्या, ते तो कुठे आहे आणि त्याच्यापर्यंतची वाट मोकळी आहे की नाही, यावर ठरे.

मार्चमध्ये पेशव्यांची आणि सरदारांची मसलत परतूरला झाली. जुन्या कागदांत हे गाव 'पडदूर' किंवा 'पटदूर' असे येते. आज ते जालना जिल्ह्यात आहे. उत्तरेस भाऊंनी जावे असे ठरले, पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव बरोबर, आणि १४ मार्चला लष्कर निघाले. बऱ्हाणपूर, सिरोंज, ग्वाल्हेर या वाटेने ते जून-जुलैपर्यंत चंबळ-आग्र्याच्या टापूत पोहोचले. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली. या संपूर्ण प्रवासात पत्रव्यवहार बऱ्यापैकी चालू होता. त्याचे कारण असे की लष्कराच्या मागे एक ओळखीची वाट तयार होत होती. वाटेवर मराठ्यांचे मामलेदार आणि ठाणी होती, दिल्लीत हिंगणे घराण्याने वर्षानुवर्षे जमवलेल्या वकिलीच्या ओळखी होत्या, दुआबाच्या अंगाला गोविंदपंत बुंदेले होते, आणि दिल्ली घेतल्यावर तिथे नारोशंकर बसले. म्हणजे पेशव्यांचा माणूस दक्षिणेतून निघाला की त्याला 'पुढे कुठे?' असे विचारायला जागोजागी आपले माणूस होते. लष्कर चालते होते, पण त्याच्या मागची साखळी स्थिर होती. तातडीचे संपर्क म्हणतात ते हेच.

इथे दोन ओळी जगाविषयी. मंगोलांनी आपल्या साम्राज्यात ठरावीक अंतरावर घोड्यांची ठाणी उभारली होती. मोगलांच्या डाकचौक्याही तशाच कायमच्या. ठाणी कायमची असली की निरोप्याला दमलेला घोडा बदलता येतो आणि निरोप थांबत नाही. मराठ्यांची उत्तरेतली व्यवस्था माझ्या मते यापेक्षा माणसांवर अधिक अवलंबून होती. मोहिमेपुरती डाक बसविली जाई, पण तिचे खांब म्हणजे मामलेदार, वकील आणि सावकार. माणूस विश्वासू असेल तोवर ती भक्कम. माणूस मारला गेला किंवा त्याच्या गावात शत्रू शिरला की तेवढा दुवा तुटला.

तो तुटला ऑक्टोबरअखेरीस.

भाऊ दिल्लीहून उत्तरेकडे सरकले. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला. यमुनेला पूर होता आणि अब्दाली पलीकडच्या तीरावर अडकून पडला आहे असा समज होता. २५ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दालीने बागपताजवळ नदी ओलांडली. नकाशा उघडून पाहा. बागपत दिल्लीच्या उत्तरेला आहे आणि कुंजपुरा त्याच्याही बराच उत्तरेला. म्हणजे अब्दाली आता भाऊ आणि दिल्ली यांच्या मधोमध येऊन उभा राहिला. नोव्हेंबरपासून दोन्ही लष्करे पानिपताजवळ समोरासमोर होती.

याचा अर्थ रसद तुटली असा आपण लावतो, आणि तो बरोबर आहे. पण ज्या वाटेने धान्य येत होते त्याच वाटेने पत्रेही येत होती. लष्कराला घराशी जोडणारी दोरी एकच होती आणि ती एकाच जागी कापली गेली. डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले दुआबात मारले गेले. दुआबाकडची दुसरी दोरीही गेली. दिल्लीत नारोशंकर होते, पण दिल्ली आणि पानिपत यांच्यामध्ये अफगाण चौक्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पाठविलेली खजिन्याची एक तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकली आणि मराठ्यांचा तळ समजून सरळ अफगाण तळात शिरली. जवळजवळ सारी माणसे मारली गेली. मघाशी तळाच्या नकाशाचे कौतुक केले होते ते आठवा. आत शिरल्यावर माणूस सापडतो, हे खरे. पण आपण नेमके कुणाच्या तळात शिरत आहोत हे अंधारात कळावे लागते.

आता दुसरे टोक पाहू. इथे गोष्ट अधिक अवघड होते आणि पेशव्यांना दोष देणाऱ्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा, त्यांचा बचाव करणाऱ्यांनीही.

नानासाहेब पेशवे या वेळी पुण्यात स्वस्थ बसलेले नव्हते. दसऱ्यानंतर तेही निघाले होते. अहमदनगर, गोदावरीकाठ, मग उत्तर. २७ डिसेंबरला पैठणजवळ त्यांचे दुसरे लग्न झाले. पानिपतावर उपासमार चालू असताना झालेल्या या लग्नाबद्दल इतिहासकारांनी त्यांना क्वचितच क्षमा केली आहे. माझे मत विचाराल तर रागावण्याआधी एवढे तपासावे की त्या दिवशी पैठणला पानिपताची कितपत ताजी बातमी होती. दोरी नोव्हेंबरापासून कापली गेली होती. अर्थात बातमी येत नाही हीच एक मोठी बातमी असते, आणि अनुभवी राज्यकर्त्याला ती वाचता यायला हवी होती, हा आक्षेप उरतोच. तो मलाही पुसता येत नाही.

जानेवारीत पेशव्यांनी नर्मदा ओलांडली. म्हणजे आता निरोपाची दोन्ही टोके चालती झाली. भाऊंकडून सुटलेल्या जासुदाला आधी अफगाण चौक्या चुकवायच्या, मग पेशवे पुण्यात, नगरात, पैठणला की माळव्यात हे शोधायचे. पेशव्यांकडून सुटलेल्याला उलट तेच. चालत्या घराला निरोप पाठविणे अवघड, आणि एका चालत्या घरातून दुसऱ्या चालत्या घराला पाठविणे त्याच्या दुप्पट नव्हे, कितीतरी पट अवघड.

१४ जानेवारी १७६१. त्या दिवसाचे वर्णन इथे करीत नाही. ते आपण अनेकदा वाचले आहे.

२४ जानेवारीला पेशवे भेलशाच्या मुक्कामी होते. भेलसा म्हणजे आजचे विदिशा. तिथे एक काशीद सापडला. तो पेशव्यांचा नव्हता, भाऊंचा नव्हता, कुणा सरदाराचाही नव्हता. तो एका सावकारी पेढीचा होता आणि उत्तरेकडून दक्षिणेतल्या आपल्या व्यापाऱ्यांकडे पत्र घेऊन चालला होता. पत्र उघडले गेले. सावकारांच्या सांकेतिक भाषेत त्यात नुकसानीचा हिशोब दिलेला होता : मोती गमावले ते दोन, मोहरा पंचविसांच्या वर, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. पेशव्यांना उलगडा करून सांगावा लागला नसेल. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. एक चुलत भाऊ, एक पोटचा मुलगा.

पानिपत ते भेलसा हे अंतर रस्त्याने सातशे किलोमीटरच्या घरात. दहा दिवसांत पत्र आले, म्हणजे रोज सरासरी सत्तर किलोमीटर. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मुलखातून, थंडीत.

हे सावकारांना कसे जमले? मराठ्यांच्या जासुदाला अडविणे हा अब्दालीच्या चौक्यांचा धर्मच होता. पण सावकाराची पेढी कुणाच्याच बाजूची नसते आणि प्रत्येकालाच हवी असते. फौजेला पगार वाटायचा तर हुंडी वटवावी लागते, आणि ती वटविणारा गावोगावच्या पेढ्यांशी जोडलेला असतो. दिल्ली, बऱ्हाणपूर, औरंगाबाद यांना जोडणारी ही पेढ्यांची जाळी स्वतःचे काशीद बाळगून होती. हुंडीचे दर, मालाचे भाव, कोण जिंकले आणि कोण बुडाले, हे वेळेवर कळणे हा त्यांच्या नफ्यातोट्याचा प्रश्न. म्हणून त्यांची यंत्रणा राज्याच्या यंत्रणेहून जास्त वेगवान होती, आणि लढाईच्या दुसऱ्या दिवशीही चालू राहण्याइतकी अलिप्त. पेशव्यांना त्यांच्या घरच्या मृत्यूची बातमी देण्यासाठी कुणी ते पत्र लिहिलेच नव्हते. ते त्यांच्या वाटेत आले, इतकेच.

मला या प्रसंगात सर्वांत खटकते ते हे. साम्राज्याचा प्रमुख, ज्याच्याकडे जासूद, सांडणीस्वार आणि वकील यांची फौज होती, त्याला मुलाच्या मृत्यूची बातमी दुसऱ्याच्या नावच्या व्यापारी पत्रातून मिळाली. तीही अशा भाषेत की नाव एकाचेही नाही.

आणि म्हणून ती बातमी पूर्ण नव्हती. मोती दोन, हे कळले. पण देह कुणी पाहिले? अग्नी कुणी दिला? बायका कुठे आहेत? कोण जखमी आहे, कोण कैदेत, कोण पळून कुठे पोहोचला? पेशवे पुढे पछोरपर्यंत गेले आणि कित्येक आठवडे तिथे राहिले. हळूहळू पत्रे येऊ लागली, माणसेही येऊ लागली. मल्हारराव होळकर निसटले होते. पार्वतीबाई ग्वाल्हेरपर्यंत सुखरूप पोहोचल्या. भरतपूरच्या सूरजमल जाटाने आपल्या मुलखात आलेल्या जखमी आणि उपाशी माणसांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. बाजीरावांचा मुलगा समशेरबहाद्दर जखमी अवस्थेत तिथपर्यंत पोहोचला, पण वाचला नाही. नाना फडणवीसांची आई त्या धामधुमीत कायमची अंतरली. पत्नी मागाहून भेटली. त्यांनी पुढे लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात हा प्रवास आहे. पानिपत समजून घ्यायचे तर बखरींच्या आधी ते वाचावे, असे मी सुचवीन.

यातली बहुतेक पत्रे आपल्याला आज वाचता येतात याचे मोठे श्रेय वि. का. राजवाडे यांना. वाईला सापडलेल्या कागदांतून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, आणि त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आली. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे पानिपतावरील पुस्तक पुढचे. ही पत्रे क्रमाने वाचत गेले की एक विचित्र अनुभव येतो. ती दाट येत राहतात, मग विरळ होतात, मग थांबतात. त्या रिकाम्या जागेचा आवाज फार मोठा आहे.

भाऊंच्या देहाविषयीची खरी माहिती होती ती शत्रूच्या गोटात. अवधच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज हा दक्षिणी माणूस युद्धाच्या वेळी तिथेच होता. विश्वासरावांचा देह ओळखला गेला. भाऊंचा म्हणून जो देह सापडला त्याला शिर नव्हते, शरीरावरच्या खुणांवरून तो ओळखण्यात आला, आणि शुजाच्या लष्करातील हिंदू मंडळींनी परवानगी मिळवून अंत्यविधी केले. काशीराजाने ही हकिकत फारसीत लिहिली, पण ती सुमारे दोन दशकांनी. पुण्यात त्या वर्षी जे पोहोचत होते ते तुकड्या-तुकड्यांत, ऐकीव आणि परस्परविरोधी.

नानासाहेब पुण्याला परतले ते खचलेले. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे निधन झाले. बातमी निजामाकडेही गेली होतीच. वर्ष संपण्यापूर्वी निजामअली पुण्याच्या रोखाने चालून आला, आणि त्यानंतरच्या समेटात उदगीरच्या विजयाने मिळविलेल्या मुलखापैकी बराच भाग परत द्यावा लागला. देवणी-उदगीरच्या परिसराने ही दोन्ही वळणे दोन वर्षांच्या आत पाहिली. पुढे हा भाग हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात राहिला, १९५६ साली मराठी मुलखाबरोबर आला, आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात गेला.

पार्वतीबाईंनी मात्र ती बातमी स्वीकारली नाही. आपले पती गेले याची खात्री देणारे काहीच त्यांच्यासमोर आले नव्हते, आणि त्यांनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. पुण्यातील लोकांनीही त्यांच्यावर तशी सक्ती केली नाही. याला कुणी भाबडेपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्या बाईने दहा महिने त्या तळावर काढले, जिने निरोप येणे बंद होताना पाहिले, आणि जिला शेवटी कुणा विश्वासू माणसाने 'मी पाहिले' असे सांगितले नाही, तिने वाट पाहणे हे तर्काला सोडून नव्हते.

आणि वाट पाहणाऱ्या एकट्या त्याच नव्हत्या. काही वर्षांतच 'मीच सदाशिवरावभाऊ' असे म्हणणारा एक माणूस उभा राहिला. त्याला पकडून रत्नागिरीकडे कैदेत ठेवले गेले. १७७६ साली तिथल्या सुभेदाराच्याच साहाय्याने तो बाहेर पडला, कोकणात हजारो माणसे त्याच्या भोवती जमली, किल्ले त्याच्याकडे गेले. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकाचा विषय तोच. ते सगळेच मूर्ख होते असे म्हणून हा विषय संपत नाही. पंधरा वर्षांपूर्वी एक निरोप नीट पोहोचला नव्हता, आणि त्या रिकाम्या जागेत कुणीतरी येऊन उभा राहिला होता. बंड मोडण्यासाठी महादजी शिंद्यांसारख्या, स्वतः पानिपतावरून पायाला कायमची जखम घेऊन परतलेल्या, सरदाराला लक्ष घालावे लागले. तोतया आंग्र्यांच्या हाती लागला, पुण्यात आणला गेला, त्याची चौकशी झाली, भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांच्या साक्षी झाल्या, आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड दिला गेला.

त्या चौकशीच्या वेळी कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. पानिपतावरून जे जिवंत परतले आणि ज्यांनी भाऊंना त्या शेवटच्या सकाळी पाहिले होते, त्यांच्यापैकी ते एक.